मुकी ठरवलेली भाषा आणि तिचे कुळ

मेलेल्या माणसाविषयी खोटे बोलणे हा अपराध आहे काय? जिवंत माणसाविषयी आपण काही वावगे बोललो तर तो दारात येऊन जाब विचारील, चार माणसांसमोर आपली बाजू मांडील. मेलेला माणूस काहीच करू शकत नाही. म्हणून कित्येकांना वाटते की, त्याच्याविषयी काहीही म्हटले तरी कोणाचे काय बिघडते? आपली जुनी वडील माणसे मात्र असे मानीत नसत. जो उत्तर देऊ शकत नाही त्याच्याविषयी बोलताना अधिक जपून बोलावे, असा त्यांचा शिरस्ता होता. हाच प्रश्न एका माणसाविषयी न विचारता एका संपूर्ण भाषेविषयी विचारला तर काय होते, हे ह्या लेखात पाहावयाचे आहे. ती भाषा फार दूरची, दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या प्रदेशातली आहे. प्रश्न मात्र तितका दूरचा नाही, हे वाचकांच्या ध्यानी येईल.

ब्राझिल देशाच्या उत्तर टोकाला, व्हेनेझुएलाच्या सरहद्दीलगत, रोराइमा नावाचे राज्य आहे. तेथील उरारिकोएरा आणि आउआरी ह्या नद्यांच्या काठी एक लहानसा समाज राहत असे. त्यांचे आपल्या भाषेतील नाव 'जुकुदे' असे होते. पुस्तकांतून मात्र त्यांची ओळख 'माकू' ह्या नावाने झाली आहे. १९११ ते १९१३ च्या प्रवासात थिओडोर कोख-ग्रूनबेर्ग ह्या जर्मन संशोधकाने त्यांच्या भाषेतील शब्द टिपून घेतले. पुढे १९६० नंतरच्या काळात एर्नेस्टो मिग्लियात्सा ह्यांनी त्या भाषेचा अभ्यास केला. ती बोलणारा अखेरचा मनुष्य सुमारे २००० साली वारला आणि भाषा संपली. उरलेल्या टिपणांच्या आधारे क्रिस रॉजर्स ह्यांनी लिहिलेले तिचे सविस्तर व्याकरण २०२० साली प्रसिद्ध झाले.

आता विद्वानांपुढे प्रश्न असा की, ही भाषा कोणत्या कुळातली? मराठी, गुजराती, हिंदी ह्या एका घरच्या. कन्नड, तेलुगू, तमिळ ह्या दुसऱ्या घरच्या, हे आपणांस शाळेत शिकविले जाते. तसे ह्या भाषेचे घर कोणते? वरवर पाहता हा कपाटात पुस्तके लावण्यासारखा निरुपद्रवी उद्योग दिसतो. परंतु ज्या लोकांचा ताम्रपट नाही, शिलालेख नाही, बखर नाही, त्यांच्या भूतकाळाकडे जाणारी एक मुख्य वाट म्हणजे त्यांची भाषा. ते कोठून आले, कोणाचे भाऊबंद, कोणाच्या शेजारी राहिले, हे त्यांच्या शब्दांवरून उमगते. भाषेचे कुळ सांगणे म्हणजे त्या लोकांचा इतिहास सांगणे होय. आणि तो सांगताना त्यांच्यापैकी कोणी 'नाही, असे नव्हे' म्हणावयास समोर उभा नसतो.

ह्या भाषेच्या बाबतीत पहिली चूक तिच्या नावातच झाली. 'माकू' हा शब्द त्या लोकांचा नव्हे. तो आरावाक कुळातील भाषा बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडून आलेला आहे, असे अभ्यासक सांगतात. त्या भाषांत 'मा' हे अभाव दाखविते आणि 'आकू' म्हणजे बोलणे. तेव्हा माकू म्हणजे ज्याला बोली नाही असा. आपल्याला समजत नाही ते बोलणेच नव्हे, अशी ही समजूत! ती केवळ ॲमेझॉनच्या रानातली आहे असे कोणी समजू नये. ग्रीक लोक परभाषिकांना 'बार्बारोस' म्हणत, कारण त्यांच्या कानाला ते बोलणे नुसते 'बरबर' वाटे. आपल्याकडील 'म्लेच्छ' शब्दाच्या मुळाशीही अस्पष्ट बोलणे हाच अर्थ आहे. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना ह्याच बाबतीत एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली आहे. भाषेचा अर्थ कळत नसेल तर बोलणारा ऐकणाऱ्याला परका वाटतो, आणि ऐकणाराही बोलणाऱ्याला तितकाच परका ठरतो. परकेपणा दोहोंकडे सारखा असतो. 'माकू' ह्या नावाने तो सगळा एकाच्या पदरात टाकला.

ह्या नावाने पुढे विद्वानांनाही फसविले. शेजाऱ्यांनी 'माकू' हे नाव एकाच समाजाला दिलेले नव्हते. ब्राझिल, कोलंबिया आणि व्हेनेझुएला ह्या तीन देशांत पसरलेल्या, एकमेकांची भाषा न समजणाऱ्या अनेक समाजांना ते चिकटले. नाव एक म्हणून कुळही एक असावे, असा समज बळावला आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासून 'माकू कुळ' पुस्तकांत नांदू लागले. महाराष्ट्रात उत्तरेकडून येऊन स्थायिक झालेल्या कितीतरी घराण्यांना 'परदेशी' हे आडनाव लागले. त्या सर्वांचा मूळपुरुष एक, असे आपण म्हणतो काय? तिकडे नेमके तसे घडले. २०१७ साली पेशन्स एप्स आणि त्यांच्या सहकारी अभ्यासिका ह्यांनी हे कुळ पुन्हा तपासले, तेव्हा त्यातील दोन प्रमुख शाखांचे नातेही पुराव्याने सिद्ध होत नाही, असे दिसून आले. आपल्या जुकुदे लोकांचा तर ह्या शाखांशी नावापलीकडे संबंध दाखविता येत नाही.

मग नाते सिद्ध कसे होते? दोन भाषांतील चार शब्द सारखे दिसले म्हणजे नाते जुळले असे नाही. संस्कृतात 'पितृ', लॅटिनमध्ये 'पातेर', इंग्रजीत 'फादर'. संस्कृतात 'पाद', लॅटिनमध्ये 'पेद्', इंग्रजीत 'फूट'. येथे 'प'च्या जागी इंग्रजीत 'फ' येतो, आणि तो एखाद्या शब्दात येऊन थांबत नाही. नियमाने, शब्दामागून शब्दांत येतो. ही नियमितता हाच खरा साक्षीदार. वरवरचे साम्य हा कच्चा साक्षीदार होय, आणि त्याच्यावर विसंबल्याने तीन प्रकारे फसगत होते.

पहिली फसगत योगायोगाने होते. आपला 'मुका' आणि तिकडचा 'माकू' हे शब्द पाहा. ध्वनी जवळचा, अर्थ जवळचा. म्हणून मराठी आणि आरावाक ह्यांचे नाते जोडावे काय? मुळीच नाही. उत्तर ऑस्ट्रेलियातील म्बाबाराम नावाच्या, आता लोपलेल्या भाषेत कुत्र्याला 'डॉग' म्हणत. इंग्रजीशी त्या शब्दाचा काडीचाही संबंध नाही, असे भाषाशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. मानवी मुखातून निघणारे ध्वनी मोजके आणि जगातील शब्द असंख्य. तेव्हा कोठे ना कोठे गाठ पडणारच.

दुसरी फसगत उसनवारीने होते. आपण काजू, अननस आणि बटाटा हे शब्द रोज वापरतो. काजू आणि अननस हे शब्द ब्राझिलच्या किनाऱ्यावरील तुपी लोकांच्या भाषेतले; बटाटा हा कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या, आज नष्ट झालेल्या भाषेतला. पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर वस्तू आल्या आणि वस्तूंबरोबर त्यांची नावेही आली. गोमंतकातील आपल्या बांधवांच्या अंगणात काजूचे झाड उभे आहे, म्हणून त्यांची बोली तुपी कुळातली होत नाही. ॲमेझॉनच्या प्रदेशात निरनिराळ्या कुळांचे लोक शतकानुशतके एका नदीकाठी राहिले, सोयरीक केली, गुलामांच्या शोधात येणाऱ्या टोळ्यांपुढे एकत्र पळाले. त्यांच्या भाषांत अशी देवघेव किती झाली असेल!

तिसरी फसगत मूळ टिपणातच असते. प्रवासी दोन दिवस थांबतो, बोटाने वस्तू दाखवितो, कानाला लागेल तसे लिहून घेतो. कधी दुभाष्याच लबाड निघतो. विसाव्या शतकाच्या आरंभी अल्बेर्तो फ्रिच नावाच्या चेक प्रवाशाने ब्राझिलमध्ये 'कुकुरा' भाषेची शब्दयादी मिळविली. पुढे त्याच यादीवरून ती एक स्वतंत्र भाषा म्हणून पुस्तकात छापली गेली. परंतु तो दुभाष्या ती भाषा जाणतच नव्हता. यादीतील बहुतेक शब्द ग्वारानी भाषेतले, मोडून-तोडून सांगितलेले होते, आणि राहिलेले त्याच्या पदरचे होते. अशा रीतीने जी भाषा कधी अस्तित्वातच नव्हती तिलाही विद्वानांच्या पंक्तीत पाट मिळाला!

ह्याच्या उलट, सावकाश ऐकणाऱ्या माणसाकडून केवढे काम होते, ह्याचेही उदाहरण त्याच भागात आहे. फिलिप्पो साल्वातोरे जिली नावाचा इटालियन जेझुइट मिशनरी १७४९ साली ओरिनोको नदीच्या काठी गेला आणि तेथे अठरा वर्षे राहिला. १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने जेझुइटांना आपल्या मुलखातून हाकलले, तेव्हा त्यालाही परतावे लागले. मायदेशी आल्यावर त्याने १७८० ते १७८४ ह्या काळात आपला ग्रंथ चार खंडांत प्रसिद्ध केला. त्यात त्याने ओरिनोकोकाठची माइपुरे भाषा आणि तेथून दोन हजार किलोमीटरांहून दूर, आजच्या बोलिव्हियातील मोहो भाषा, ह्यांचे नाते ओळखले. 'माझे', 'तुझे' हा अर्थ दाखविण्यासाठी शब्दाच्या आरंभी जोडली जाणारी रूपे दोन्हींकडे जुळत होती. ज्याला आपण वर आरावाक कुळ म्हटले ते हेच. सर विल्यम जोन्स ह्यांनी कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन ह्यांच्या नात्याविषयी केलेले सुप्रसिद्ध भाषण १७८६ चे आहे. म्हणजे जिलीच्या ग्रंथानंतरचे. आणि त्याहीपूर्वी, १५८३ साली, गोव्यातून आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी येथील भाषांच्या रचनेचे ग्रीक व लॅटिनशी असलेले साम्य नोंदविले होते. तेच पुढे मराठी ख्रिस्तपुराणाचे कर्ते झाले. हे दोघेही लोकांत राहिले, त्यांची भाषा शिकले आणि मग बोलले. माइपुरे भाषा आज उरलेली नाही. पण तिच्या वतीने खरी साक्ष देणारा एक मनुष्य होता, म्हणून तिचे कुळ आज निश्चयाने सांगता येते.

सर्वांनाच असा धीर नसतो. १९८७ साली अमेरिकेतील थोर भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग ह्यांनी असे मांडले की, उत्तर व दक्षिण अमेरिकेतील आदिवासींच्या सर्व भाषा अवघ्या तीन कुळांत बसतात, आणि ॲमेझॉनच्या तर झाडून साऱ्या एकाच 'अमेरिंड' कुळात. ग्रीनबर्ग हा लहान मनुष्य नव्हे. आफ्रिकेतील भाषांचे त्यांनी केलेले वर्गीकरण पुष्कळ अंशी मान्य झाले आहे. परंतु अमेरिकेच्या बाबतीत लाइल कॅम्पबेल आदी अभ्यासकांनी त्यांना कडक विरोध केला. नियमित ध्वनिसाम्याची कसोटी न लावता केवळ दिसण्यावरून शब्द जुळविले आहेत, आणि मूळ माहितीतही चुका आहेत, असा त्यांचा आक्षेप होता, आणि आज बहुतेक अभ्यासक तोच मान्य करतात. त्यांच्या मोजणीप्रमाणे एकट्या दक्षिण अमेरिकेत शंभरावर निरनिराळी कुळे आहेत, आणि त्यांपैकी सुमारे निम्मी 'कुळे' म्हणजे एकेकटी, भाऊबंद नसलेली भाषा आहे. आपली जुकुदे भाषाही आज अशा एकाकी भाषांतच धरली जाते.

येथे कोणी म्हणेल, विद्वानाने धाडसाने तर्क करू नये काय? तर्काशिवाय ज्ञान पुढे कसे जाईल? आक्षेप योग्य आहे. तर्क करणे हा दोष नव्हे. 'मला असे वाटते' असे म्हणून तर्क मांडणारा मनुष्य प्रामाणिक आहे. दोष तेव्हा घडतो जेव्हा 'वाटते' हा शब्द गळून पडतो. पहिला लिहितो, 'कदाचित हे नाते असेल'. दुसरा लिहितो, 'हे नाते आहे असे म्हणतात'. तिसरा नकाशात एकच रंग भरतो. आणि चौथ्या पिढीतील विद्यार्थी तो रंग परीक्षेत पाठ म्हणून दाखवितो. ह्या साखळीत कोणी जाणूनबुजून खोटे बोलला नाही, तरी अखेरीस खोटी साक्ष उभी राहिलीच. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा आपण लहानपणी शिकलो. खोटी साक्ष अशी हप्त्याहप्त्यानेही दिली जाते, हे मात्र आपल्या लक्षात येत नाही.

अज्ञान कबूल करण्याच्याही दोन रीती आहेत आणि त्यांतला भेद महत्त्वाचा आहे. 'ही भाषा एकाकी आहे' असे म्हणणे म्हणजे पुरेशी माहिती आहे, ती इतर भाषांशी ताडून पाहिली, आणि नातेवाईक सापडला नाही. 'ह्या भाषेचे वर्गीकरण झालेले नाही' असे म्हणणे म्हणजे निवाडा करण्याइतका पुरावाच नाही. न्यायालयात 'हा निर्दोष आहे' आणि 'ह्याचा गुन्हा शाबीत झाला नाही' ह्यांत जो फरक, तोच येथे. पहिल्याच्या जागी दुसरे म्हटले तर एका समाजाचे वेगळेपण झाकले जाते. दुसऱ्याच्या जागी पहिले म्हटले तर ज्यांचे भाऊबंद होते त्यांना आपण पोरके ठरवितो.

चेस्तमीर लौकोट्का ह्या चेक विद्वानाचा दक्षिण अमेरिकेच्या भाषांवरील मोठा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९६८ साली प्रसिद्ध झाला. आज त्यातील पुष्कळ निष्कर्ष जुने झाले आहेत. 'कुकुरा'ला स्वतंत्र भाषा म्हणून १९३१ मध्ये छापणारे हेच लौकोट्का होते. परंतु ह्या ग्रंथातील एक गोष्ट मनाला लागते. पानोपानी लोप पावलेल्या समाजांची नावे येतात. ते कोणत्या नदीकाठी राहत हे सांगितले आहे. आणि ज्यांच्या भाषेचा एकही शब्द कोणी टिपला नाही त्यांच्यापुढे एवढेच लिहिले आहे की, काही नाही. काही लोक ह्याला कोरडी नोंद म्हणतील. मला ती आदराची वाटते. ज्यांचे एक अक्षर उरले नाही त्यांचेही नाव लेखकाने गाळले नाही. आणि नावापलीकडे आपल्या पदरचे काही जोडलेही नाही.

राहिला शेवटचा प्रश्न. मेलेल्या भाषांची इतकी चिंता कशासाठी? भुकेलेल्याला भाकर देणे हे अधिक मोठे काम नव्हे काय? आहे, ह्यात शंका नाही. पण ज्या समाजाला 'ह्यांना बोली नाही' असे म्हटले जाते, त्याची जमीन घेताना कोणाचा हात कचरत नाही, हाही इतिहास आहे. ब्राझिलच्या १९८८ च्या राज्यघटनेने आदिवासींच्या चालीरीती व भाषा ह्यांना, आणि त्यांच्या परंपरागत जमिनीवरील मूळ हक्काला, एकाच कलमात मान्यता दिली, हे उगीच नव्हे. मनुष्याचे बोलणे मानणे आणि मनुष्याला मानणे ह्या गोष्टी निराळ्या करता येत नाहीत.

शिवाय हा प्रश्न आपल्या उंबरठ्याशीही आहे. इंदूर-खांडव्याकडून वऱ्हाडात उतरताना सातपुड्याच्या पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोदच्या बाजूला, निहाली भाषा बोलणारे थोडेसे लोक राहतात. सारे मिळून दोन-अडीच हजारांच्या घरात. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाने त्या भाषेला मुंडा कुळात, कोरकूच्या जवळ बसविले. पुढे दिसून आले की, तिच्यात कोरकू, मराठी आणि द्राविडी भाषांतले शब्द भरपूर असले तरी ते सारे बाजूला काढल्यावर सुमारे चतुर्थांश शब्द असे उरतात की ज्यांना जगात कोठेही नातेवाईक सापडत नाही. १९६२ साली कायपर ह्या डच विद्वानाने तिचा कसून अभ्यास केला; पण ही कदाचित चोरट्यांची सांकेतिक बोली असेल, अशी शंकाही तेव्हा पुढे आली. आज बहुतेक अभ्यासक तिला स्वतंत्र, एकाकी भाषा मानतात. 'ह्यांना बोली नाही' आणि 'ह्यांची बोली चोरांची' ह्या दोन वाक्यांत किती अंतर आहे, हे वाचकांनीच ठरवावे. फरक एवढाच की, जुकुदे लोकांना आता काही विचारता येत नाही, आणि निहाली बोलणाऱ्यांना आठवड्याच्या बाजारात भेटून विचारता येते.

आपण मराठी बोलणारे, त्यातही बेळगाव, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले लोक. चोहोंकडे दुसरी भाषा असता आपली भाषा घरात जपणे म्हणजे काय, हे आपणांस ठाऊक आहे. तुमची मराठी खरी मराठी नव्हे, असे कोणी म्हटले तर मनाला कसे लागते, हेही ठाऊक आहे. म्हणून ह्या बाबतीत आपल्यावर थोडी अधिक जबाबदारी आहे. ज्याची बोली आपणांस कळत नाही त्याला त्याने स्वतः घेतलेल्या नावाने हाक मारावी. त्याच्याविषयी जेवढे ठाऊक आहे तेवढेच बोलावे. आणि जेथे ठाऊक नाही तेथे लौकोट्कांप्रमाणे 'काही नाही' असे लिहावे आणि पुढची जागा कोरी ठेवावी. ती कोरी जागा त्या लोकांची आहे. ती भरण्याचा अधिकार पुराव्याला आहे. आपल्या घाईला नाही.